‘खत नियोजन’ नावाचं फोल्डर

लाइट गेली नव्हती. हे मी पहिलेच सांगून टाकतो, कारण ज्याला म्हणून सांगायला जावं तो मान हलवतो आणि म्हणतो, लाइट गेली असन साहेब, आपल्या गावावर, कारध्यात, ढग दिसला का लाइट गेलीच समजा. नाही गेली, बापा. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. गच्चीवर वाळत घातलेली लाखोरीची डाळ ताडपत्रीत गुंडाळून मी धापा टाकत खाली आलो, तेव्हा पुढच्या खोलीत सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. वर जाताना त्याच्यावर चौसष्ट टक्के लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खाली, संगणक बंद करू नका, अशी स्वच्छ मराठीत तंबी होती. आता तिथं माझंच ओलं तोंड दिसत होतं. टेबलाखाली पिन निघून फरशीवर पडली होती. आणि सत्यवती, माझी बायको, पदर खोचून, टीव्हीची पिन हातात धरून उभी होती. सगळं वाचवलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"हे काय केलं वो तू?" मी ओरडलो. तिनं एक बोट वर केलं, आभाळाकडे. बरोब्बर तेव्हाच कारध्याच्या पुलावर कुठंतरी असं कडाडलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. तिनं भुवया उचलल्या. म्हणजे, पाहा, मी सांगत होती की नाही. ऑक्टोबर लागला होता, धान निसवून उभा होता, आणि परतीचा पाऊस जाता जाता दात दाखवून जात होता. आमच्याकडे वीज पडत नाही, गाज पडते. दरवर्षी कुणाला तरी घेऊन जाते. धानाच्या बांधीत उभ्या माणसाला, झाडाखाली थांबलेल्या बाईला, चरत्या म्हशीला. सत्यवतीचं माहेर कोंढ्याचं. तिचा मावसभाऊ शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा होता आणि नुसता बसला, असं ती सांगायची. नुसता बसला, पडलासुद्धा नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं, की आभाळ गुरगुरलं की घरातली एकूण एक पिन बोर्डातून बाहेर. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मोबाइलचा चार्जर. आमच्या गल्लीत तर ही रीतच आहे. पहिली गुरगुर झाली की कुणीतरी आंगणात येऊन आरोळी ठोकते, "पिना काढा वोऽऽ!" आणि घरोघरी माणसं वाकतात. ही आरोळी इतकी वर्षं सत्यवतीची होती. तिची हाक पुलापलीकडे भंडाऱ्यात ऐकू जाते असं लोक चेष्टेनं म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. आता शेजारच्या कुंताबाई ओरडतात. त्यांचा आवाज बारीक, नवरा झोपलेला असताना ओरडावं तसा. सत्यवती ओरडू शकत नाही. तिचे हात तेवढे राहिले, ते तिनं चालवले.

मला त्या काळ्या काचेसमोर उभं राहून सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर ह्याचा, की आधीची सत्यवती असती तर हे झालंच नसतं. ती जिन्याखालून ओरडली असती, अवो, हे मशीन चालू हाय, काढू का पिन? मी वरून म्हटलं असतं, नोको. संपलं. एवढ्याशा दोन शब्दांसाठी माझं चौसष्ट टक्क्यांचं सगळं धुळीला मिळालं. मी पाच-सहा वाक्यं तिला चांगली सुनावली. तुले मशीन कळत नाही तर हात काहून लावतं, काही विचारायची रीत हाय की नाही, वगैरे. पण बिनबोलत्या माणसाशी भांडता येत नाही. भांडणात पुढचं वाक्य तिचं होतं, ते आलंच नाही, आणि माझी वाक्यं खोलीत तशीच लोंबकळत राहिली. तिनं टीव्हीची पिन हळूच खाली ठेवली, गळ्यावरचा पांढरा रुमाल नीट केला आणि आत निघून गेली. मग मला वाटलं, चुलीत गेला तो कॉम्प्युटर. आणि लगेच वाटलं, नाही, चुलीत जाऊन कसं चालेल, सगळं तर त्याच्यातच आहे.

तीन वर्षांपूर्वी नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. पोरीपणापासून दातांना तंबाखूची गुडाखू घासायची, दोन वेळा, चहाआधी. कोंढ्यातल्या सगळ्याच बाया घासायच्या, एकीला कॅन्सर होते, नऊजणींना होत नाही. आवाज बसला तेव्हा आम्ही म्हटलं थंडी. मग म्हटलं ओरडून ओरडून बसला. मग डॉक्टरांनी एक चित्र काढून दाखवलं, नळी कुठून जाते, पेटी कुठं असते, आणि पेटी काढावी लागेल. आवाजाची पेटी. मी विचारलं, साहेब, मग बोलणं? ते म्हणाले, जीव महत्त्वाचा. खरंच आहे. जीव राहिला. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथून येतो-जातो, त्याच्यावर रुमाल. नंतर तिथल्या एका बाईंनी तिला शिकवलं होतं, हवा गिळायची आणि ढेकर द्यावा तशी वर आणून तिच्यावर शब्द करायचे. घरी आल्यावर एकदा ती माझ्यासमोर बसली, तोंड उघडून हवा गिळली, डोळे मोठे झाले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि आतून बुडबुड असा काहीतरी आवाज आला. मला ते पाहवलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, राहू दे, त्रास नोको घेऊ, मले समजते तुझं सगळं. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर ते कधी केलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटली बिचारी त्या त्रासातून.

आता त्या कॉम्प्युटरात काय होतं ते. मी कृषी सहायक होतो. गावोगाव फिरायचं, धानाच्या करपा रोगावर कोणतं औषध मारायचं ते सांगायचं, आणि मोबाइलवर शेतकऱ्यांसाठी माहिती बोलून ठेवायची. माझं बोलणं घरी बसूनच व्हायचं आणि घरात सत्यवती असायची. त्यामुळे माझ्या एकूण एक रेकॉर्डिंगमध्ये ती घुसलेली आहे. मी म्हणतोय, शेतकरी बंधूंनो, युरियाची मात्रा, आणि मागून, अवो, चहा ठेवू का? मी म्हणतोय, बांधीतलं पाणी काढून टाकावं, आणि मागून ती दारावरच्या मासोळीवालीशी भांडतेय, का बाई, हे झिंगे आजचे हायेत का मागच्या दिवाळीचे? तेव्हा मी चिडायचो, रेकॉर्डिंग खराब झालं म्हणून दुसऱ्यांदा बोलायचो. खराब झालेली पुसून टाकायचा आळस केला, म्हणून ती राहिली. मोबाइल फुटायच्या आधी टीनानं, आमच्या मुलीनं, सगळं ह्या कॉम्प्युटरात टाकून दिलं होतं, काय आहे ते न ऐकताच. कॉम्प्युटर तिच्याच शिक्षणासाठी घेतलेला. ती पुण्याला नोकरीला गेली, तिथं तिचा लॅपटॉप, आणि हा डबा माझ्याकडे राहिला. ऑपरेशननंतर महिन्याभरानं सहज म्हणून मी एक फाइल लावली, आणि बसल्या जागी गारठलो. तेव्हापासून त्या खराब रेकॉर्डिंगचं एक वेगळं फोल्डर आहे. त्याचं नाव मी ‘खत नियोजन’ ठेवलं, कुणी उघडू नये म्हणून. खत नियोजन कोण उघडेल?

रोज दुपारी सत्यवती आत आडवी झाली की मी कानात वायरी घालायचो. पुढच्या खोलीत बसून मागच्या खोलीतल्या बाईचा आवाज ऐकायचा. हे बरं दिसत नाही हे मला कळत होतं. मेलेल्या माणसाचं कुणी ऐकेल, त्याला लोक समजून घेतात. ही तर भिंतीपलीकडे निजलेली, उठली की चहा करणारी, माझ्या सदऱ्याची गुंडी लावणारी बाई. जिवंत बायकोचं श्राद्ध घालतो आहोत आपण, असं एकदा मनात आलं आणि मी वायरी ओढून काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत घातल्या. काय करणार? घर फार शांत झालं होतं. ताट ठेवल्याचा आवाज, नळ, पंखा. हाक म्हणून नाही. ती टाळी वाजवायची, मी वळायचो. पंचवीस-तीस वर्षं ज्या आवाजाला मी हळू बोल, हळू बोल म्हणत आलो, तो गेल्यावर मला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. कानात तो असला की मी घरचा असायचो. कधी ती उठून चहा घेऊन यायची, माझ्या मागं उभी राहायची, मी दचकून वायरी काढायचो आणि म्हणायचो, बातम्या ऐकून राहिलो. ती चहा ठेवून जायची.

कॉम्प्युटर वर्षभर बोंबलत होता, ही जुनी आवृत्ती आता बंद होणार, नवी टाका. टीना फोनवर म्हणायची, बाबा, टाकून घ्या, नाहीतर व्हायरस येईन. व्हायरस म्हटल्यावर मी घाबरलो. माझं सगळं त्याच्यातच. ते सुरक्षित राहावं म्हणून मी त्या दिवशी ते बटण दाबलं होतं, आणि दाबून निश्चिंत मनानं डाळ गोळा करायला गच्चीवर गेलो होतो. बाकी तुम्हाला माहीतच आहे. पिन परत लावली तर ठिपके गोल गोल फिरले, बदल मागे घेत आहोत असं आलं, मग निळा पडदा, मग काळा, मग परत ठिपके. दिवसभर तेच. मी समोर खुर्ची टाकून बसलो. सत्यवतीनं जेवायला टाळी वाजवली तर मी म्हटलं, जेव तू. ती दारात येऊन उभी राहिली, त्या फिरत्या ठिपक्यांकडे बघत राहिली. तिला माहीत नव्हतं तिनं काय बंद पाडलं होतं, आणि मी तिला काय म्हणून सांगणार होतो? तुझाच आवाज तूच बंद केला म्हणून?

दुसऱ्या दिवशी डबा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून मी पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो. कैलाशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बसस्टँडकडे. माणूस चांगला आहे, माझ्याच एका शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं डबा लावून बघितला, दोनदा चालू-बंद केला आणि कंगवा मागावा इतक्या सहज म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

"आणि आतलं?"

"आतलं जाईन न. डेस्कटॉपवर होतं का?"

"डेस्कटॉपवरच होतं."

"मंग जाईन. समदे जण डेस्कटॉपवरच ठेवतात, काका. असं काय होतं त्याच्यात?"

"खत नियोजन," मी म्हटलं.

तो हसला. "आता तं रिटायर झाले न तुमी. कायले पाह्यजे खत? नवा कोरा करून देतो, पाहा कसा पळते." त्यानं एक पेनड्राइव्ह काढलाही होता. मी त्याचा हात धरला. नको म्हटलं, राहू दे म्हटलं, आणि त्याच्या दुकानातल्या वायरी तशाच लोंबत्या ठेवून डबा उचलला. तो मागून काका, काका करत होता. पुलावर मधोमध मी स्कूटर थांबवली. खाली वैनगंगा गढूळ आणि भरलेली. माझ्या गुडघ्यांमध्ये तो पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात सत्यवती मासोळीवालीशी भांडत होती, असं काहीतरी मला वाटत होतं. साठी उलटलेला माणूस भर पुलावर डब्याला कवटाळून उभा होता. मागून एका ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा मारला, तेव्हा निघालो.

त्या आठवड्यात दुपारी माझ्या कानात काही नव्हतं. घर कसं असतं ते मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. कुंताबाईंच्या घरचा कुकर, पेरूच्या झाडावरचे मिठ्ठू, रस्त्यावर धानाचं औषध विकणाऱ्याची गाडी. आणि एक नवाच आवाज. घोगरा, खालच्या पट्टीतला, अडखळत येणारा. मागच्या आंगणाकडून, भिंतीपाशी. मला वाटलं, कुंताबाईंकडे कुणी म्हातारा पाहुणा आलेला दिसतो, दम्याचा पेशंट असावा बिचारा. दोन-तीन दिवस तो असायचा. कुंताबाई त्याच्याशी मोकळ्या गप्पा मारायच्या, हसायच्यासुद्धा. म्हाताऱ्याचं बोलणं एक अक्षर कळत नव्हतं. एकदा सत्यवती आंगणातून आत आली तेव्हा मी तिला विचारलंही, कोण पाहुणा आला कुंताबाईकडे? ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग हातानं, कुणी नाही, अशी खूण केली आणि भांडी घासायला बसली.

रविवारी सकाळी टीनाचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, आज मला सुट्टी आहे, आज ते करूनच टाकू, समोर बसा आणि मी सांगते तेवढंच करा. "पहिलं म्हणजे ते चालू झालं की मधेच बंद करा. मग चालू करा, परत मधेच बंद. असं तीनदा."

"बंद करू? मधेच?"

"हो. मगच त्याचा दुरुस्तीचा मेनू येतो."

म्हणजे जे सत्यवतीनं एकदा केलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, तेच आता मी तीनदा करायचं होतं. केलं. हात देवाला जोडावा तसा बटणावर. आणि खरंच निळा मेनू आला. त्यातल्या एका ओळीवर, सगळं पुसून नव्यानं सुरू करा, असं होतं, आणि टीना ओरडली, त्याला हात नका लावू बाबा, बाण खाली न्या, अजून खाली. मग एक काळी चौकट उघडली. तिथं मी एकेक अक्षर शोधत नोटपॅड असं इंग्रजीत लिहिलं, आणि साधा लिहायचा कागद समोर आला. टीना म्हणाली, आता ह्याच्यातूनच फाइल उघडायला जा, म्हणजे आतली सगळी कपाटं दिसतात, तिथून उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकता येतं. पोट्टी हुशार आहे. मी गेलो. तिनं सांगितलं त्या कपाटात, माझ्या नावात, डेस्कटॉपवर. ‘खत नियोजन’ तिथं होतं. मी ते उघडलं. आत काही नव्हतं. पांढरं. एक फाइल नाही.

"बाबा? दिसलं का? बाबा, बोला न."

माझ्या तोंडून शब्द निघेना. मला वाटलं, असं वाटत असेल सत्यवतीला, तोंड उघडायचं आणि काही येत नाही. "टीना," मी शेवटी म्हटलं, "गेलं वो सगळं. तुझ्या मायचा आवाज गेला." आणि मग मी तिला सगळं सांगून टाकलं. खत नाही, नियोजन नाही. मासोळीवाली, चहा ठेवू का, सगळं. रोज दुपारी ऐकत होतो हेही. मग टीना नाक ओढून म्हणाली, "बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथं फक्त टेक्स्ट फाइल्स असं असेल. ते बदलून ऑल फाइल्स करा."

मी बदललं. आणि सरसर सरसर फाइली आल्या. एकाखाली एक, पूर्ण पडदा भरून. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, सरळ सांगतो, लहान लेकरासारखा. टीना तिकडून पेनड्राइव्ह, पेनड्राइव्ह म्हणत होती. मी नाक पुसून सगळं उचललं आणि पेनड्राइव्हमध्ये टाकलं. मग तिनं नवी आवृत्ती काढून जुनी परत आणायची ओळ दाबायला लावली आणि परत ठिपके फिरायला लागले, पण आता ते फिरोत बापडे, माझं काम झालं होतं.

"बाबा," टीना म्हणाली. आवाज वेगळाच होता. "एक विचारू? आई तुमच्याशी बोलत नाही का?"

"कशी बोलन वो ते?"

"ती मला बोलते. दर रविवारी, तुम्ही बाजारात गेले की. उन्हाळ्यापासून बोलते. कुंताकाकूंसोबत रोज प्रॅक्टिस करते ती, भिंतीपाशी. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. पहिले पहिले मला काही समजायचं नाही, आता सगळं समजते. मागं तर तिनं मला पातोड्यांची पूर्ण रेसिपी सांगितली."

मागच्या आंगणातून तो घोगरा म्हातारा बोलत होता. मी तो ऐकला. ह्यावेळी नीट ऐकला. मध्ये हवा गिळल्याचा आवाज, मग दोन शब्द, मग परत हवा. कुंताबाई हसल्या.

"मले काहून नाही बोलत मंग?" मी विचारलं. पोरीला हे विचारताना मला लाज वाटली, पण विचारलं.

"मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तुझ्या बाबाले माझा असा आवाज पाह्यवत नाही, त्यायनं एकदा म्हटलं, राहू दे. आणि म्हणाली, त्यायच्या कानात वायरी असतात. आई बावळट नाही, बाबा. तुम्ही काय ऐकता ते तिला माहीत आहे. तुमच्या मागं चहा घेऊन उभी राहते तेव्हा वायरीतून ऐकू येतं तिला. तिचाच तर आवाज, पुलापलीकडे जाणारा." टीना हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. "ठेवते," ती म्हणाली.

मी बसून राहिलो. राग आला मला, खोटं कशाला बोलू. कुंताबाईला समजते, पुण्यातल्या पोरीला फोनवर समजते, आणि एका घरात राहून, एका ताटलीतला पापड मोडून खाऊन, मला म्हाताऱ्या पाहुण्याचा दमा वाटला. मग राग गेला. उन्हाळ्यापासून ती दुपारची निजत नव्हती. मी इकडे वायरी घातल्या की ती तिकडे मागच्या दारानं भिंतीपाशी जात होती, हवा गिळत होती, एकेक शब्द वर आणत होती. आणि मी ज्या बाईला शोधत होतो ती बाई माझ्यापासून दोन खोल्या पलीकडे माझ्या नकळत बोलायला शिकली.

ठिपके थांबले. जुनाच पडदा आला, जुनंच धानाच्या शेताचं चित्र, सगळं पहिल्यासारखं. माझा हात सवयीनं गेला. ‘खत नियोजन’, पहिली फाइल. कानातल्या वायरी मी आठवड्यापूर्वीच रागानं उपसून फेकल्या होत्या हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आवाज सरळ स्पीकरमधून निघाला, पूर्ण घरभर, खणखणीत. "का बाई, हे झिंगे आजचे हायेत का मागच्या दिवाळीचे? लाव बरं नाकाले, लाव न!" आंगणातलं बोलणं तुटलं. मी माऊस शोधेपर्यंत सत्यवती दारात होती. हात ओले, राखेनं माखलेले. मी बंद करायला गेलो तर तिनं मान हलवली, नको. ती उभी राहून ऐकत राहिली. त्या खणखणीत बाईनं मासोळीवालीला पुरतं नमवलं, मग आपणच खोखो हसली, मग जवळ येऊन म्हणाली, अवो, चालू आहे का हे, मी बोलली का याच्यात? आणि माझा जुना चिडका आवाज म्हणाला, झालं खराब. फाइल संपली. सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी होतं की भांड्यांचं उडालेलं होतं, मला सांगता येणार नाही. तिनं त्या डब्याकडे असं बघितलं, जसं नात्यातल्या एखाद्या लग्नात भारी लुगडं नेसून आलेल्या बाईकडे बघतात.

मग तिनं हवा गिळली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मी डोळे फिरवले नाहीत. आतून तो घोगरा आवाज आला, दोन तुकड्यांत, आणि मला काही समजलं नाही.

"काय?" मी म्हटलं.

तिनं परत हवा घेतली. परत म्हणाली. ह्यावेळी शेवटचं मला ‘आहो’ असं काहीतरी लागलं. मी खुर्ची सरकवून तिच्या जवळ गेलो, तिच्या तोंडाकडे बघत, शाळेत पहिल्या बाकावर बसतात तसा. "पुन्हा सांग," मी म्हटलं. "हळू सांग. मी ऐकून राहिलो."

"ते बाई," ती म्हणाली आणि राखेच्या बोटानं डब्याकडे दाखवलं. हवा गिळली. "मेली." परत हवा. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मी. आहो."

मला समजलं. मी आहे, असं म्हणत होती. सगळं समजलं, आणि तरी मला ते अजून एकदा ऐकायचं होतं. त्या घोगऱ्या, तुटक, ढेकरेच्या आवाजात, माझ्या समोर, माझ्यासाठी काढलेल्या आवाजात. "नाही समजलं," मी खोटंच म्हटलं. "अजून एकदा म्हण."

सत्यवतीनं ओला हात कमरेवर ठेवला. तोंड भरून हवा घेतली.

"कितीदा सांगू?" ती म्हणाली, आणि हे मला पहिल्या झटक्यात समजलं.